नवा डीएसएलआर हातात, शिमगा दीड महिन्यावर: सुरुवात कुठून करू?

अबोली_गुहागर

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यातल्या एका गावात मी प्राथमिक शाळेत शिकवते. दिवाळीत मावसभावाने नवा कॅमेरा घेतला आणि त्याचा जुना निकॉन डी५३०० मला देऊन टाकला. सोबत १८-५५ची किट लेन्स, एक बॅटरी, चार्जर आणि १६ जीबीचं कार्ड. आतापर्यंत सगळे फोटो मोबाइलवरच काढत आले, त्यामुळे इतकी बटणं पाहून बावरायला झालंय.

कॅमेरा मला एका ठरावीक कामासाठी हवा आहे. आमच्या गावच्या शिमग्याची नीट नोंद करायची आहे. पालखीला रूपं (देवांचे मुखवटे) लागतात तिथपासून होमाच्या रात्री सहाणेवर (पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर) पालखी नाचते तिथपर्यंत, आणि त्यानंतर खेळे (नाच-गाणी करणारे) घरोघरी फिरतात तेही. ज्यांना सगळी गाणी पाठ आहेत असे दोघे-तिघेच उरलेत, आणि त्यांची वयं झाली आहेत. मुंबईहून येणारी मुलं मोबाइलवर व्हिडिओ काढतात, पण शिमगा संपला की ते कुठे जातात कोणालाच ठाऊक नसतं. शाळेत लावता येतील, छापता येतील असे फोटो मला हवेत.

अडचण अशी आहे. नमन (शिमग्यातला नाच-गाण्यांचा खेळ) मंडळाच्या सरावाला गेले होते, दुपारचं ऊन होतं. त्यातल्या संकासुराच्या सोंगाचे कपडे काळेकुट्ट असतात, पण माझ्या फोटोत ते धुरकट राखाडी दिसतात आणि मागचं आकाश पांढरंफटक. उलट त्रिपुरीच्या रात्री देवळात काढलेल्या फोटोंत देवीचा चांदीचा मुखवटा म्हणजे नुसता पांढरा गोळा, डोळे-नाक काही नाही. दोन्ही वेळा कॅमेरा ऑटोवरच होता.

यूट्यूबवर बरंच पाहिलं. प्रत्येक जण अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र), शटर आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) यांचा त्रिकोण काढून दाखवतो. तो त्रिकोण मला पाठ झालाय, पण संकासुर अजून राखाडीच आहे. शेजारच्या गावातले एक फोटोग्राफर म्हणाले, एम मोड (सगळे आकडे स्वतः ठरवायचा) शिकल्याशिवाय काही खरं नाही, आणि एक मोठा फ्लॅश व लांबचं टिपणारी ७०-३०० लेन्स घ्या. एवढे पैसे आत्ता नाहीत. दीड महिन्यात काय शिकावं आणि कुठल्या क्रमाने, हे कोणी सांगेल का?

जुना_स्टुडिओ

अबोलीताई, तुम्ही दोन अडचणी म्हणून लिहिलंय, पण ती एकच अडचण आहे. ती सुटली की निम्मी फोटोग्राफी हातात आली असं मी मानतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी सांगलीचा. फिल्मच्या काळात स्टुडिओत कामाला लागलो. रोलमध्ये ३६ फोटो असायचे आणि निकाल धुऊन आल्यावरच कळायचा. त्यामुळे उजेड आधी ओळखायचा आणि मग बटण दाबायचं, ही सवय लागली. आता डिजिटलवर लग्नं करतो, पण शिकवायला बसलो की सुरुवात मीटरपासूनच करतो. त्रिकोण नंतर.

कॅमेऱ्यात एक मीटर असतो. समोरच्या वस्तूवरून परतून आलेला उजेड तो मोजतो. ती वस्तू मुळात काळी आहे की पांढरी, हे त्याला कळत नाही. त्याची एक समजूत पक्की असते: समोर जे काही आहे ते सरासरीने मध्यम राखाडी आहे, पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारं. आता चौकटीत काळा संकासुर भरला. मीटरला वाटतं, इथे अंधार आहे. तो उजेड वाढवतो. काळे कपडे राखाडी होतात आणि आधीच उजळ असलेलं आकाश पांढरं पडतं. पांढऱ्या धोतरातला माणूस चौकटभर घेतलात तर उलट होईल, धोतर मळकट दिसेल.

देवळातला मुखवटा म्हणजे हेच, फक्त दुसऱ्या टोकाने. चौकटीचा बहुतेक भाग काळोख, मधे हातभर चांदी. मीटर काळोखाकडे पाहून उजेड वाढवत जातो आणि चांदी जळते. तुमच्या कॅमेऱ्याचा मॅट्रिक्स मीटर बराच हुशार आहे, चौकटीचे अनेक भाग ताडून पाहतो. पण रूपं म्हणजे काय, हे त्यालाही माहीत नाही. ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून शेवटचा शब्द तुमचा असला पाहिजे.

तर पहिला अभ्यास हा करा. सकाळी दहाच्या सुमारास पडवीत, थेट ऊन नसेल अशा जागी, उशीचा पांढरा अभ्रा, काळी छत्री आणि केळीचं हिरवं पान ठेवा. मोडची चकती 'ए'वर, म्हणजे छिद्र आपण ठरवायचं आणि शटर कॅमेरा ठरवतो. आयएसओ ४०० ठेवून ऑटो आयएसओ मेन्यूतून बंद करा, नाहीतर कॅमेरा मागच्या दाराने आकडे बदलत राहतो. छिद्र एफ/५.६. प्रत्येक वस्तू चौकटभर घेऊन एकेक फोटो काढा. तिन्ही फोटो शेजारी शेजारी पाहिलेत तर अभ्रा, छत्री आणि पान जवळपास सारख्याच उजळपणाचे दिसतील. हे डोळ्यांनी पाहणं फार महत्त्वाचं आहे. सांगून पटत नाही.

मग शटरच्या बटणाजवळचं अधिक-उणे चिन्हाचं बटण दाबून धरा आणि मागची चकती फिरवा. हे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. अभ्र्यासाठी अधिककडे जा, छत्रीसाठी उणेकडे, आणि पडद्यावरची वस्तू प्रत्यक्षासारखी दिसेपर्यंत थोडं थोडं बदला. कोणत्या वस्तूला किती लागलं ते वहीत लिहा. प्लेबॅक मेन्यूत डिस्प्लेच्या पर्यायांत 'हायलाइट्स' नावाची खूण आहे, ती चालू करा. जिथे पांढरं पूर्ण जळलंय तो भाग फोटो पाहताना लुकलुकतो. अभ्रा लुकलुकायला लागला की तिथून एक पाऊल मागे.

पानाला फारसं काही करावं लागणार नाही. हिरवं गवत, हिरवं पान ही मीटरच्या समजुतीच्या जवळची वस्तू. म्हणून कुठे गोंधळ झाला की त्याच उजेडातल्या गवतावर मीटर लावून पाहायचं, ही जुनी रीत. आपला तळवाही चालतो, तो साधारण एक स्टॉपने उजळ असतो.

स्टॉप म्हणजे उजेडाची दुप्पट किंवा निम्मं. शटर १/१२५ सेकंदावरून १/२५० केलं की उजेड निम्मा. आयएसओ ४०० वरून ८०० केला की दुप्पट. छिद्राचे आकडे मात्र विचित्र वाटतात: २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. हा आकडा म्हणजे लेन्सची फोकल लांबी भागिले छिद्राचा व्यास. ५० मिमीच्या लेन्सला २५ मिमीचं भोक असेल तर एफ/२. आकडा लहान म्हणजे भोक मोठं ते यामुळे. आणि उजेड भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतो, म्हणून आकडा प्रत्येक पायरीला दुप्पट होत नाही, साधारण १.४ पट होतो. एवढं कळलं की तुम्हाला पाठ असलेला त्रिकोण आपोआप सुटतो. एफ/५.६ला १/१२५, एफ/४ला १/२५० आणि एफ/८ला १/६०, या तिन्हींत सेन्सरवर पोचणारा उजेड एकच. फरक एवढाच, की एफ/४ला मागचं जास्त पुसट होईल आणि नाचणारा पाय जास्त ठळक थांबेल.

आकडे खरे आहेत का, हे मीटरशिवायही पडताळता येतं. स्वच्छ ऊन, सावल्या कडक, सूर्य तुमच्या पाठीशी: छिद्र एफ/१६, आयएसओ १००, शटर १/१००च्या आसपास. आयएसओ २०० असेल तर शटर १/२००. फिल्मच्या खोक्यात सूर्य आणि ढगांची चित्रं काढलेला कागद यायचा, त्यात हेच असायचं. माघातल्या दुपारी अंगणात करून पाहा. संकासुर समोर असो की पांढरा बैल, हा आकडा बदलत नाही, कारण तो पडणाऱ्या उजेडाचा आकडा आहे, वस्तूचा नाही.

एम मोडबद्दल त्या फोटोग्राफरांचं मी मानणार नाही. एम मोडमध्येही मीटर तोच. त्याची खूण शून्यावर आणून फोटो काढलात तर 'ए' मोडमधलाच फोटो मिळेल, संकासुर तसाच राखाडी. कधी मीटरचं ऐकायचं नाही हे कळल्यावर एम मोडला अर्थ येतो. तोवर 'ए'.

आणखी एक, चष्मा असेल तर आजच करा. व्ह्यूफाइंडरच्या उजव्या अंगाला छोटं चाक आहे. फोकसच्या खुणा आणि खालचे आकडे स्वच्छ दिसेपर्यंत ते फिरवा. बाहेरचं दृश्य बघून नाही, खुणा बघून. जुना कॅमेरा मावसभावाच्या डोळ्यांना लावलेला असणार.

किनारा_रत्नागिरी

अबोली, स्टुडिओकाकांनी मूळ मुद्दा सांगितलाच आहे. मी आपल्या हवेबद्दल सांगते, कारण घाटावरची मंडळी हे विसरतात.

पहिलं काम, लेन्स काढ आणि अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च एका बाजूने लावून दुसऱ्या बाजूने आत बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे किंवा चट्टे दिसले तर ती बुरशी. थोडी असेल तर फोटोत लगेच जाणवत नाही, पण दिवा किंवा होम चौकटीत आला की सगळीकडे धुरकटपणा पसरतो. मावसभाव मुंबईत राहतो, म्हणजे त्या लेन्सने पावसाळे पाहिलेत.

कपाटात कापडी बॅगेत कॅमेरा ठेवू नकोस. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घे, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला की झालं. त्याखाली फार खाली नेऊ नये, रबर आणि वंगणाला ते मानवत नाही. जेलचा रंग बदलला की ते तापवून परत वापरता येतं, पण निळ्या रंगाचं जेल असेल तर स्वयंपाकाच्या तव्यावर अजिबात नको, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. केशरी रंगाचं मिळतं, ते घे. तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस, तांदळाची भुकटी सगळीकडे शिरते.

दुसरं म्हणजे गुलाल. पालखी अंगणात आली की गुलाल उधळतातच. झूम लेन्स पुढेमागे होताना हवा आत ओढते आणि हवेबरोबर गुलालही. पारदर्शक पिशवी घेऊन तिला लेन्सच्या तोंडाएवढं भोक पाड, रबरबँडने लेन्सच्या कडेला बांध, मागून हात घालायला जागा ठेव. पुढे एक साधा फिल्टर लाव. गुलाल पडला तर कपड्याने पुसायचा नाही, आधी रबरी फुंकणीने उडवायचा. तोंडाने फुंकर मारलीस तर थुंकीचा ओलावा बसतो आणि गुलालाचा चिखल होतो. आणि त्या रात्री उघड्यावर लेन्स बदलूच नकोस.

पायवाट

वरचं सगळं बरोबर आहे, पण मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. अबोलीताईंना दीड महिन्यात एक्स्पोजर जमेल. मला काळजी वाटते ती वेगळीच: पूर्ण शिमग्यात त्या एका जागी उभ्या राहतील. गर्दीत बहुतेकांचं असंच होतं. फोटोत पालखी मधोमध, आजूबाजूला माणसांची डोकी, वर मंडळाचा बॅनर आणि विजेच्या तारा. उजेड बरोबर असला तरी तो फोटो शाळेत लावण्याजोगा होत नाही.

ताई, १८-५५ लेन्सचं १८चं टोक गर्दीसाठी उत्तम आहे, अट एकच, तुम्ही दोन पावलांवर असायला हव्यात. म्हणून सरावाला कॅमेरा घेऊन रोज जा, रोज फोटो काढलाच पाहिजे असं नाही. खेळ्यांना तुमची सवय झाली की ते कॅमेऱ्याकडे बघणं सोडतात. ढोलकरी हात शेकत असतो, कोणी घुंगरं बांधत असतो, संकासुर टोपी काढून घाम पुसतो. नोंद करायची म्हणता, तर हेही नोंदीतच आलं. आणि गुरवांना, मानकऱ्यांना आधी विचारून ठेवा. रूपं लावतानाचा विधी काही गावांत कोणाला पाहू देत नाहीत, तिथे कॅमेरा काढायचाच नाही.

सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे काढलेले कृष्णधवल फोटो जरूर पाहा. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कामगार उभे आहेत तिथेच, त्यांच्या शेजारी उभं राहून काढलेले फोटो आहेत ते. लांबून ७०-३००ने ते मिळाले नसते.

एका बाबतीत जुना_स्टुडिओ यांच्याशी माझा मतभेद आहे. ऑटो आयएसओ कायमचा बंद ठेवू नका. अभ्यासापुरता बंद, मान्य. पण खेळे उन्हातल्या अंगणातून अंधाऱ्या माजघरात शिरतात तेव्हा आकडे फिरवायला वेळ नसतो. तिथे शटर किमान १/१२५ आणि आयएसओ जास्तीत जास्त ३२०० असं मेन्यूत ठरवून द्या, बाकीचं कॅमेरा पाहील.

जुना_स्टुडिओ

पायवाट, माजघराचं पटलं. अधिक-उणे बटण ऑटो आयएसओबरोबरही चालतं, तेव्हा माझ्या म्हणण्याला त्याने बाधा येत नाही. फक्त ताईंनी आधी आठ-दहा दिवस तो बंद ठेवून अभ्यास करावा, एवढाच माझा आग्रह.

अबोली_गुहागर

सगळ्यांचे मनापासून आभार. टॉर्च लावून पाहिला. लेन्सच्या कडेला एक लहानसा चट्टा आहे, जाळं नाही. डबा, जेल आणि घड्याळ चिपळूणहून मागवलं.

अभ्यास केला, आणि शाळेतल्या चौथीच्या मुलांनाही दाखवला. अभ्रा आणि छत्रीचे फोटो शेजारी ठेवल्यावर कुठला कशाचा, हे मुलं दुमडीवरून ओळखत होती, रंगावरून नाही. पांढऱ्याला मला अधिक १.७ लागलं, अधिक २ला लुकलुकायला लागलं. छत्रीला उणे १.३. मग सरावाला गेले आणि संकासुराला उणे १ लावलं. कपडे काळे आले! आकाशही निळं आलं. पण टोपीखालचा चेहरा फार अंधारात गेला, म्हणून त्याला ऊन तोंडावर येईल असं वळून उभं राहायला सांगितलं. तेव्हा उणे ०.७ पुरलं. माजघरात पायवाट यांनी सांगितलेलं ऑटो आयएसओ लावलं, तेही जमलं.

आता रात्रीचं विचारते. सहाणेजवळ दोन हॅलोजन लावतात, अलीकडे त्यांतला एक एलईडी झालाय. पालखी नाचवताना खांदेकरी ती डोक्याच्या वर उचलून गोल फिरवतात. कधी मागे काळोख, कधी होमाच्या ज्वाळा, कधी देवळाची पांढरी भिंत. दर वेळी उणे किती, हे कसं ठरवू? नाचता नाचता बटण फिरवायला सवडच नाही. शिवाय फ्लॅश घ्यावा का, रॉमध्ये (सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये) काढू का, आणि ही लेन्स पुरेल का?

जुना_स्टुडिओ

ताई, चेहऱ्यावर ऊन घ्यायला सांगितलंत ते फार आवडलं. बटणाने उजेड कमी-जास्त होतो, पण कुठून यावा हे माणसालाच ठरवावं लागतं.

तुमच्या प्रश्नातच एम मोडचं उत्तर आहे. मागची पार्श्वभूमी सतत बदलतेय, पण रूपांवर पडणारा हॅलोजनचा उजेड तोच आहे. मीटर पार्श्वभूमीला भुलून दर वेळी वेगळं सांगेल. तेव्हा इथे त्याला बाजूला ठेवायचं आणि आकडे बांधून टाकायचे. पालखी सहाणेवर स्थिर असतानाच हे करून घ्या. एम मोड, १८ मिमीला छिद्र एफ/३.५, शटर १/१००, आयएसओ ३२००. या कॅमेऱ्यात एकच चकती आहे, एम मोडमध्ये ती शटर बदलते. अधिक-उणे बटण दाबून फिरवली की छिद्र बदलतं. एक फोटो काढा, पडद्यावर मुखवटा मोठा करून पाहा. लुकलुकतोय? आयएसओ १६००. अजून लुकलुकतोय? आयएसओ ८००. मुखवट्याचे डोळे, नथ, कपाळावरची नक्षी दिसायला लागली की आकडे तिथेच ठेवा आणि बटणांकडे बघणं बंद करा. खांदेकऱ्यांचे चेहरे थोडे अंधारात राहतील, ते राहू देत. चांदी एकदा जळली की तिची नक्षी कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. काळोखातला चेहरा मात्र बराचसा वर आणता येतो.

पालखी दिव्यापासून लांब गेली तर आकडे बदलावे लागतील. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप. सहाणेवर आयएसओ १६०० असेल तर तेवढ्या लांब ६४०० लागेल. मी असतो तर तिथे फोटो काढलेच नसते, दिव्याच्या टप्प्यात एक जागा धरून बसलो असतो. पालखी फिरून तिथे येतेच.

१/१०० मुद्दाम सांगितलं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून असे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. हॅलोजनची तार तापलेली राहते, त्यात फारसं जाणवत नाही. स्वस्त एलईडीत मात्र शटर १/५०० वगैरे केलंत तर एक फोटो उजळ, एक काळा, किंवा चौकटीत आडवे पट्टे येतात. १/१०० किंवा १/५०ला दिव्याचा पूर्ण फेरा शटरमध्ये मावतो. १/१००ला पालखीचे गोंडे थोडे पुसट येतील, मला ते बरंच वाटतं. धीर आला की १/१५ करून पाहा. खांदेकऱ्यांचे पाय क्षणभर रोवलेले असतात तेव्हा माणसं बऱ्यापैकी स्थिर आणि वर पालखी वाहून गेल्यासारखी, असा फोटो कधीतरी मिळतो. बरेच वाया जातील, पण मिळालेला एक कॅलेंडरवर छापावा असा असतो.

होमाचा फोटो वेगळा. ज्वाळा दिव्यांपेक्षा कितीतरी उजळ, त्यामुळे तेच आकडे ठेवले तर आगीचा पांढरा ढीग दिसेल. तिथे दोन-तीन स्टॉप कमी करा आणि माणसं काळ्या आकृती म्हणून येऊ द्या. आगीकडे पाठ करून, आगीच्या उजेडात उजळलेले म्हाताऱ्यांचे चेहरे घेतलेत तर त्याहून सुंदर. या दोन्हींत फोकस चाचपडतो, म्हणून मधला बिंदू निवडा आणि तो चेहऱ्याच्या, टोपीच्या कडेवर धरा. सपाट अंधारावर धरलात तर लेन्स नुसती पुढेमागे होत राहील.

फ्लॅश घेऊ नका. समोरून मारलेला उजेड चांदीवरून थेट परत येतो आणि हवेतला गुलाल, धूर पांढऱ्या ठिपक्यांसारखा चमकतो. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅशही बंदच ठेवा. आयएसओ १००ला, एफ/३.५ला तो जेमतेम साडेतीन मीटर पोचतो, आणि देवासमोर लखलखाट करणं खेळ्यांनाही आवडत नाही.

रॉ आणि जेपीईजी दोन्ही ठेवा. हॅलोजन पिवळा, एलईडी निळसर, ज्वाळा तांबूस, असा मिश्र उजेड जेपीईजीत एकदा चुकला की सावरणं जड जातं. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) घरी बसून ठरवता येतो. फक्त सगळा पिवळेपणा काढू नका, शिमग्याची रात्र दुपारसारखी दिसायला लागते. एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची, तेव्हा १६ जीबीचं कार्ड मध्यरात्रीच भरेल. ६४ जीबीचं घ्या, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. आणि दुसरी बॅटरी हवीच. फ्लॅशच्या पैशांत ही दोन्ही येऊन वर उरतील.

लेन्सचं म्हणाल तर १८ मिमीला एफ/३.५ मिळतं म्हणून या लेन्सवर निभेल. ५५ला झूम केलंत की छिद्र एफ/५.६ होतं, रात्री तिकडे जाऊ नका. पुढेमागे काही घ्यायचंच ठरलं तर ७०-३००च्या आधी निकॉनची ३५ मिमी एफ/१.८ डीएक्स घ्या. एफ/५.६च्या तुलनेत एफ/१.८ला जवळजवळ दहापट उजेड मिळतो. या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर ३५ची नजर फुल फ्रेमवरच्या (जुन्या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरवरच्या) ५२च्या आसपास पडते, चेहऱ्यांसाठी छान. जुन्या बाजारात ५० मिमी एफ/१.८ 'डी' स्वस्त दिसेल, ती घेऊ नका. डी५३००च्या अंगात फोकसची मोटर नाही, ती लेन्स त्यावर आपोआप फोकस करत नाही. लेन्सवर 'एएफ-एस' लिहिलेलं बघून घ्या. एफ/१.८ला पालखीतलं एक रूप टोकदार आणि शेजारचं पुसट येईल, सगळी रूपं हवी असतील तर एफ/२.८ किंवा ४ला या.

किनारा_रत्नागिरी

अबोली, विकत घ्यायची घाई करू नकोस. काका म्हणतात तीच ३५ माझ्याकडे आहे, एएफ-एसवाली. मी मिररलेस कॅमेरा घेतल्यापासून डब्यात पडून आहे. पुढच्या शनिवारी चिपळूणला माझं काम आहे, तिथे एसटी स्टँडवर भेटू, लेन्स घेऊन जा. शिमगा होईपर्यंत वापर, मग तुझ्या हाताला ती बसते का बघ आणि ठरव. येताना कॅमेरा आण, त्या चट्ट्याकडेही एकदा नजर टाकते.